माळ्यावर चार हजार पुस्तकं: तुळई पेलेल का?

रानमेवा (सोमवार, रात्री १०:१२)

राजापूर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. चिरेबंदी भिंती, वर कौलं, माजघराच्या डोक्यावर लाकडी माळा. बाबा आता कायमचे गावी राहायला चाललेत आणि पुण्याच्या फ्लॅटमधली त्यांची पुस्तकं, चारेक हजार तरी असतील, त्यांच्याबरोबर चाललीत. "खाली ओल असते, माळ्यावर लावू," असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. आईचं म्हणणं, एक दिवस ती सगळी आमटीच्या पातेल्यात येतील.

मे महिन्यात मापं घेऊन आलोय. माळा पाच खणांचा, लांबी २० फूट. आडव्या चार तुळया, दर ४ फुटांवर एक. भिंतीपासून भिंतीपर्यंत आतून आतून ११ फूट १० इंच. तुळई ५ इंच रुंद, ७ इंच उंच. वर इंचभर जाड फळ्या. लाकूड सागवान, असं बाबा सांगतात. तुळयांना मधोमध थोडं पोट सुटलंय, दोरा लावला तर २० मिमी भरलं.

गावातल्या एकाने सांगितलं "काय होत नाही", दुसऱ्याने सांगितलं "सगळं पाडून स्लॅब टाका". दोघांनीही मोजपट्टी काढली नाही. मी कॉमर्सवाला, पण गुणाकार-भागाकार येतो. हिशोब कसा करायचा ते कुणी शिकवेल का?

उंटावरचा_शहाणा (सोमवार, रात्री १०:३१)

कसला हिशोब! आमच्या आजोळी अशाच माळ्यावर भाताची पोती कमरेपर्यंत रचलेली असायची. वर आम्ही पोरं उड्या मारायचो. सत्तर वर्षं झाली, माळा जागच्या जागी. पूर्वीचे सुतार हिशोब करत नव्हते आणि त्यांची घरं उभी आहेत. तुमच्या इंजिनियरांचे पूल बघा.

क्षितिजा (सोमवार, रात्री ११:०५)

@रानमेवा, आधी पुस्तकांचं वजन आणा. "चारेक हजार" हे वजन नव्हे. एक कप्पा रिकामा करून वजनकाट्यावर ठेवा, कप्प्याची लांबी मोजा.

आणि @उंटावरचा_शहाणा, जी घरं पडली ती बघायला आज उरलेली नाहीत, हे विसरू नका :)

रानमेवा (मंगळवार, सकाळी ७:४८)

केलं. ३ फुटी कप्पा, बाबांचे जाडजूड कोश आणि माझ्या शाळेतल्या चोपड्या असं मिसळ मिसळ: साडेबावीस किलो. एका कपाटात सहा कप्पे, म्हणजे १३५ किलो. रिकामं कपाट ४० किलो. एकूण १७५. अशी बारा कपाटं.

बाबा विचारत होते काट्यावर काय चाललंय. "रद्दीचा भाव बघतोय" म्हटलं. सकाळपासून बोललेले नाहीत.

क्षितिजा (मंगळवार, दुपारी १:२०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, जमेल तेवढं सांगते.

एक सोय करून घ्या: १ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलो. म्हणजे माझे आकडे तुम्हाला पोत्यांत वाचता येतील.

तुळई वजनाने वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो. मधल्या थराला फारसं काही होत नाही. म्हणून काम करतं ते वरचं आणि खालचं लाकूड, आणि त्या दोघांतलं अंतर जितकं जास्त तितकी तुळई दणकट. याचा हिशोब असा: रुंदी गुणिले उंचीचा वर्ग, भागिले ६. तुमचे ५ आणि ७ इंच मी १२५ आणि १७५ मिमी धरते, जरा कमीच धरलेलं बरं. १२५ × १७५ × १७५ ÷ ६ = ६ लाख ३८ हजार घन मिमी. हीच तुळई आडवी पाडून बसवली असती तर आकडा ४ लाख ५६ हजारांवर आला असता. लाकूड तेच, पैसे तेच, ताकद तीस टक्के कमी.

आता लाकूड. इमारती लाकडासाठी भारतीय मानक ८८३ आहे. त्यात लाकडांचे अ, ब, क असे तीन गट पाडलेत. साग 'ब' गटात धरू. आतल्या कोरड्या जागी, पहिल्या प्रतीच्या लाकडाला वाकताना दर चौरस मिमीला १२ न्यूटन ताण चालतो. ६.३८ लाख गुणिले १२ म्हणजे ७६.६ लाख न्यूटन-मिमी, सोप्या भाषेत ७.६६ किलोन्यूटन-मीटर. इतका बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, ही तुळई घेते.

भार सगळीकडे सारखा पसरला असेल तर मधोमध येणारा मोमेंट = दर मीटरचा भार × लांबीचा वर्ग ÷ ८. तुमचे ११ फूट १० इंच म्हणजे ३.६ मीटर. उलट सोडवा: ७.६६ × ८ ÷ (३.६ × ३.६) = ४.७३ किलोन्यूटन दर मीटरला. एका तुळईच्या वाट्याला ४ फूट, म्हणजे १.२ मीटर रुंदीची जमीन येते. ४.७३ ÷ १.२ = ३.९४. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३९० किलो. त्यातून फळ्या आणि तुळईचं स्वतःचं वजन ४० किलो वजा करा. उरले ३५०.

रानमेवा (मंगळवार, दुपारी १:४४)

बारा कपाटं गुणिले १७५ म्हणजे २१०० किलो. माळा साधारण २२ चौरस मीटर. सरासरी ९५ किलो! आणि पेलतोय ३५०! आईला फोन करतो.

ओळंबा (मंगळवार, दुपारी २:१०)

फोन करू नका. थांबा.

चाळीस वर्षं हेच केलं, आता सांगलीत नातवंडं सांभाळतो. मुलीने हिशोब अचूक मांडलाय, पण तो अर्धा आहे. तुटणार नाही म्हणजे वाकणार नाही असं नाही. लाकडाच्या बाबतीत बहुतेक वेळा वाकणंच आधी आडवं येतं.

मधोमध किती खाली येईल त्याचं सूत्र: ५ × भार × लांबीचा चौथा घात, भागिले ३८४ × ई × आय. ई म्हणजे लाकडाचा ताठपणा, सागाला १०,००० न्यूटन प्रति चौ. मिमी धरा. आय म्हणजे रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले १२, इथे ५ कोटी ५८ लाख. ४.७३ चा भार टाकला तर उत्तर येतं साडेअठरा मिमी. मानक म्हणतं, लांबीच्या २४० व्या भागाहून जास्त नको, म्हणजे १५ मिमी. तेव्हा भार त्याच प्रमाणात खाली आणा: ३.८३ दर मीटरला, दर चौरस मीटरला ३१९ किलो, स्ववजन जाऊन २८०.

लांबीचा चौथा घात, हे नीट वाचा. खोली दीडपट रुंद असती तर तेवढ्याच भाराखाली तुळई पाचपट वाकली असती.

आता सरासरीचं. राहत्या घराच्या खोलीला भारतीय मानक ८७५ दर चौ. मीटरला २ किलोन्यूटन भार धरायला सांगतं, २०० किलो, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो. तुमचा माळा तिथे पास. पण ग्रंथालयाच्या स्टॅक रूमला, म्हणजे पुस्तकांची कपाटं ठेवायच्या खोलीला, तेच मानक ६ किलोन्यूटन मागतं, तेही कपाटं २.२ मीटर उंच आहेत असं धरून. तुमचं कपाट ३ फूट बाय १ फुटावर उभं राहणार. १७५ किलो ०.२७ चौ. मीटरवर. भागा.

रानमेवा (मंगळवार, दुपारी २:३१)

६५०.

बरं झालं फोन लागला नाही.

उंटावरचा_शहाणा (मंगळवार, संध्याकाळी ६:०२)

मग आमची पोती? कमरेपर्यंत भात म्हणजे चौरस मीटरला सहज ४००-५०० किलो. तुमच्या हिशोबाने माझं आजोळ कधीच खाली यायला हवं होतं. हिशोब चुकीचा की आजोळ?

ओळंबा (मंगळवार, रात्री ८:१५)

प्रश्न रास्त आहे, आणि याच प्रश्नाचं उत्तर मला कॉलेजात कुणी दिलं नव्हतं.

पहिलं म्हणजे, १२ हा तुटण्याचा आकडा नाही. निकोप, सरळ रेषांच्या सागाचा तुकडा यंत्रात मोडायला कित्येक पट जास्त ताण लागतो. पण तुमच्या तुळईत गाठी असतात, भेगा असतात, रेषा तिरक्या जातात. म्हणून मधे मोठी फट ठेवलेली असते. तुमची पोती त्या फटीत बसली होती. हिशोबाबाहेर होती, पण मोडण्याच्या आत.

दुसरं, वेळ. लाकूड थोड्या दिवसांचं ओझं सोसतं, तेवढंच ओझं कायमचं सोसत नाही. भात दिवाळीच्या आसपास माळ्यावर चढतो आणि पुढच्या पावसापर्यंत खाऊन, विकून, कांडून उतरतो. माळ्याला दर वर्षी सुट्टी मिळते. पुस्तकं उतरत नाहीत. कायमच्या भाराखाली लाकूड सावकाश वाकत राहतं, पहिल्या दिवशी जेवढं वाकलं त्याच्या दीडपट-दुप्पट काही वर्षांत होतं. रानमेवांच्या तुळयांचं २० मिमी पोट कुणी आणलं असेल? त्यांच्याही आजोबांचा भात असणार.

तिसरं म्हणजे, तेव्हा तुळई नवी होती.

खवय्या_नागपूरकर (मंगळवार, रात्री ८:४०)

जुन्या सुतारांना हिशोब येत नव्हता ही गंमतच आहे. तुळई आडवी न टाकता उभी टाकायची, हे त्यांना कुणी शिकवलं? १६३८ साली गॅलिलिओने भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचा हिशोब मांडला. उंचीचा वर्ग त्याला बरोबर सापडला, पण सगळा छेद ताणात आहे आणि तुळई खालच्या कडेवर फिरते असं त्याने धरलं. त्यामुळे त्याचं उत्तर तिप्पट आलं. सहाने भागायच्या जागी दोनाने. तोवर जगभरची देवळं, घरं, जहाजं बांधून झाली होती.

क्षितिजा (मंगळवार, रात्री ९:३०)

ही दोनाची आणि सहाची गोष्ट मी उद्या साइटवर सांगणार.

@रानमेवा, तोंड पाडून बसू नका. मघाचा हिशोब कपाटं माळाभर पसरल्यासारखा होता. कुणी कपाट खोलीच्या मधोमध ठेवत नाही. तुळया ज्या दोन लांब भिंतींत शिरतात, त्या भिंतींना पाठ लावून कपाटं मांडा. प्रत्येक भिंत २० फूट, ३ फुटी सहा कपाटं अगदी बसतात.

रांगेचं वजन दर मीटरला १९५ किलो. एका तुळईच्या वाट्याला १.२ मीटर, म्हणजे २.३ किलोन्यूटन, भिंतीपासून साधारण २० सेंमीवर. हा भार मधोमध असता तर मोमेंट = २.३ × ३.६ ÷ ४ = २.०७. भिंतीशी नेला तर २.३ × ०.२ × ३.४ ÷ ३.६ = ०.४३. कपाट तेच, पुस्तकं तीच, तुळईला होणारा त्रास पाचव्या हिश्श्यावर.

दोन्ही भिंतींची कपाटं धरून ०.४६. मधल्या जागेत माणसं, खुर्ची, टेबल यांचे नेहमीचे २०० किलो आणि स्ववजनाचे ४०, त्याचा मोमेंट ४.६७. एकूण ५.१३. चालतो ७.६६. वाकणं साडेबारा मिमीच्या आसपास, चालतं १५. पास.

फक्त कपाटाचे चार पाय थेट फळीवर टेकवू नका. खाली तुळयांना आडवी जाईल अशी लांब पट्टी टाका, म्हणजे वजन फळीवरून न जाता तुळईवर उतरेल.

कोपरा (मंगळवार, रात्री ९:५२)

अवांतर: आमच्या सोसायटीत गच्चीवर हजार लिटरची टाकी "कुठेही" ठेवा म्हणतात. चालतं का? आणि तो फळ्यांचा, स्लॅबचा स्वतःचा भार कशाला धरायचा, तो तर आधीपासून तिथेच आहे ना?

ओळंबा (मंगळवार, रात्री १०:२०)

हजार लिटर म्हणजे हजार किलो, सुमारे एका चौरस मीटरवर. वावर असलेल्या गच्चीला मानक दीडशे किलो धरतं. कुठेही ठेवा म्हणणाऱ्याला टाकीखाली झोपायला सांगा. खाली बीम-कॉलम कुठे आहेत ते बघून त्यांच्या डोक्यावर ठेवायची.

"आधीपासून आहे" म्हणून स्ववजन कमी होत नाही. कॅनडात क्यूबेकचा पूल बांधताना मधला गाळा १६०० फुटांचा १८०० केला आणि स्ववजनाचा हिशोब वेळेवर फिरवून बघितला नाही. २९ ऑगस्ट १९०७ ला बांधकाम चालू असतानाच तो नदीत गेला, ७५ माणसांसह. पुलावर गाडी सुरू व्हायची होती. स्वतःच्याच वजनाने खालचे दाबातले भाग मुरडले.

सुतारपक्षी (बुधवार, सकाळी ६:३०)

कुडाळहून. घरचा धंदा सुतारकी, तीन पिढ्या.

तुमी सगळे शिकलेले, गुणाकार बरोबरच असतीत. पण मधल्या तुळयेक कोण इचारता? आमच्याकडे तिका भाल म्हणतत. भाल मधी मोडलेली मी आयुष्यात दोनदा बघितलंय. टोकाक कुजलेली दोनशे वेळा.

मराठीतच लिहितो, नाहीतर घाटावरच्यांना कळायचं नाही. भाल चिऱ्याच्या भिंतीत नऊ इंच-फूटभर शिरलेली असते. चिरा पाणी पितो. आपल्याकडे तीन हजार मिमीच्या वर पाऊस, आणि तो येतो पश्चिमेकडून. त्या भिंतीतलं टोक चार महिने ओलं राहतं आणि बाहेरून काही दिसत नाही, कारण गिलावा केलेला असतो. वाळवीही तिथूनच घुसते. वरून रंग, आत भुसा. जुने लोक टोकाला काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, बाजूला हवेला फट ठेवायचे. नंतर कुणीतरी "नीट दिसत नाही" म्हणून ती फट सिमेंटने बुजवतो.

स्क्रू-ड्रायव्हर घ्या, भिंतीलगत खालून आणि बाजूने टोचा. चांगलं सागवान टोक आत घेत नाही. हातोडीच्या मुठीने वाजवा, ठणठण आला पाहिजे, ढबढब नाही. आणि खरंच साग आहे का तेही बघा. आपल्याकडे बरेचदा ऐन आणि किंजळ वापरलंय, बाबा लोक सगळ्यालाच साग म्हणतात.

ओळंबा (बुधवार, सकाळी ७:१५)

सुतारपक्षी, नमस्कार. मी याच पोस्टची वाट बघत होतो.

रानमेवा, शनिवारी गावी जाणार असाल तर टोचण्याबरोबर आणखी एक करा. प्रत्येक तुळईच्या मधोमध वरून ५० किलोची पाच पोती ठेवा. खाली खोलीत कुणी थांबायचं नाही, आणि त्याआधी खालून टेकू लावून ठेवा, तुळईच्या दोनेक इंच खाली. हिशोबाने तुळई ४ मिमीच्या आसपास खाली यायला हवी. दोरा बांधताना तुळईच्या टोकांना बांधू नका, भिंतीत खिळे मारून त्यांना बांधा. मधे मोजा आणि दोन्ही टोकांशीही मोजा. दोरा तुळईलाच बांधला तर टोक खचलेलं कळणारच नाही.

बटाटेपोहे (बुधवार, सकाळी १०:०४)

त्याच तुळईला झोपाळा टांगला तर? आमच्याकडे दोघं बसतात, १४० किलो.

क्षितिजा (बुधवार, सकाळी १०:४०)

हलत्या झोपाळ्याचं ओझं बसलेल्या माणसांपेक्षा जास्त भरतं. ४५ अंशांपर्यंत झोका गेला तर खालून जाताना कड्यांवर १.६ पट येतं, म्हणजे सव्वादोनशे किलो. ६० अंशांना दुप्पट. शिवाय कडीसाठी तुळईच्या खालच्या अंगाला आरपार भोक पाडतात, म्हणजे नेमकं ताणातलं लाकूड कापतात. पट्टा तुळईवरून घालून टांगा.

रानमेवा (रविवार, रात्री ९:१७)

आज परतलो. हात अजून पोती ओढून दुखतायत. नीट सांगतो.

लाकूड साग नाही. गावातल्या जाणत्या सुताराने एक चिपकं काढून बघितलं आणि ऐन आहे म्हणाला. बाबा नाराज.

पूर्वेकडची चारही टोकं ठणठणीत. पश्चिमेकडची पहिली दोन चांगली, तिसरी जरा मऊ पण स्क्रू-ड्रायव्हर पाव इंचावर थांबला. चौथ्या तुळईला भिंतीलगत टोचलं आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकावर ओला, तपकिरी भुसा. तो वास विसरता येत नाही, पावसात पडून राहिलेल्या पुठ्ठ्यासारखा. त्या भिंतीच्या पलीकडे पूर्वी न्हाणीघर होतं. वर रंग इतका गुळगुळीत होता की दहा वर्षं कुणाला शंका आली नसती. सिमेंटची फटही निघाली, सुतारपक्षी. आमच्याच घरच्यांनी बुजवलेली.

पोत्यांचं: पहिल्या तीन तुळया मधोमध ४, ४ आणि ४. (साडेतीन ते चारच्या मधे होतं, मोजपट्टी तेवढंच सांगते.) चौथी ७. तिच्या पश्चिमेच्या टोकाशी ६ मिमी खाली. पोती उतरवल्यावर मधला भाग बराचसा वर आला, ते टोक आलं नाही.

ओळंबा (रविवार, रात्री ९:५०)

बघा कसं जुळतंय. एक टोक ६ खचलं की मधला भाग ३ ने खाली येतो. तुळईचं स्वतःचं वाकणं ४. चार आणि तीन सात. म्हणजे चौथी तुळई मधे इतर तिघींइतकीच धडधाकट आहे, फक्त तिचा पाय चिखलात आहे.

आणि आता तो हिशोब, जो आपण केलाच नव्हता. टोकाशी तुळई वाकून मोडत नाही, कापली जाते. त्याला शिअर म्हणतात. क्षितिजाच्या मांडणीत एका टोकावर येतात मधल्या भाराचे ५.२ आणि कपाटांचे २.३, एकूण ७.५ किलोन्यूटन, म्हणजे ७५० किलो. कपाटं भिंतीशी नेऊन आपण मोमेंट वाचवला, पण वजन कुठे गेलं? टोकावरच. ताण = दीड × ७५०० ÷ (१२५ × १७५) = ०.५१. 'ब' गटाला चालतो ०.६४. निकोप टोक पास, पण फार उड्या मारण्यासारखं नाही. कुजून अर्धा छेद गेला असेल तर १.०२. साफ नापास. मधे भरपूर शिल्लक आणि टोकाला काही नाही, असा हा माळा आहे.

ऐन सागापेक्षा जड आणि कठीण असतं, तेव्हा आकडे थोडे आपल्या बाजूने झुकतील. मी तरी ते 'ब' गटातच ठेवीन.

उंटावरचा_शहाणा (रविवार, रात्री १०:०५)

मुठीपर्यंत? च्यायला.

(आजोळी मामेभावाला फोन केला. उद्या तोही टोचणार आहे.)

सुतारपक्षी (रविवार, रात्री १०:१२)

पश्चिमेच्या भिंतीलगत खांब आणि वर पाटई, म्हणजे खांबांच्या डोक्यावरचं आडवं लाकूड, घाला. चारही तुळयांच्या खालून एकच पाटई, भिंतीपासून आठ-नऊ इंचांवर. मऊ लाकूड जिथे संपतं त्याच्या आत टेकली पाहिजे. नुसती चौथी सावरलीत तर दहा वर्षांनी तिसरीसाठी परत बोलवाल. लोखंडी चॅनेल दोन्ही बाजूंनी लावून बोल्ट मारतात तेही चालतं, पण ते भिंतीतल्या कुजक्या भागाच्या पुढे भक्कम टेकायला हवं, म्हणजे भिंत फोडणं आलं.

खांब जमिनीवर थेट उभा करू नका. खाली काळा दगड. लादीवर तर नकोच.

रानमेवा (रविवार, रात्री १०:३०)

खांब किती जाड? सुतार २ इंची चौकोनी वासा दाखवत होता, "एवढा पुरे, उभं लाकूड कुठे मोडतं" म्हणाला.

क्षितिजा (रविवार, रात्री ११:०२)

उभं लाकूड मोडत नाही, मुरडतं. पट्टी दोन टोकांत धरून दाबून बघा.

दाबून चुरा होण्याचा हिशोब केला तर २ इंची वासा २० किलोन्यूटन घेईल असं दिसेल. पण ३ मीटर उंचीला ऑयलरचं सूत्र लागतं: पायचा वर्ग × ई × आय ÷ उंचीचा वर्ग. ५० मिमी चौकोनाला उत्तर ५.७, सुरक्षेसाठी तिनाने भागा, १.९ किलोन्यूटन. आपल्याला हवेत ७.५. ७५ मिमीच्या खांबाला २८.९, भागिले ३ म्हणजे ९.६. जाडी दीडपट केली, ताकद पाचपट झाली, कारण इथे जाडीचा चौथा घात येतो.

मी ४ इंची घेईन. पोरं धडकतात, खांबाला कुणी दोरी बांधतं, लाकूड कधीच अगदी सरळ नसतं.

ओळंबा (सोमवार, सकाळी ६:५०)

४ इंची. आणि खांब तुळयांच्या बरोबर खाली यावेत, मधल्या जागी नाहीत, म्हणजे पाटईवर वाकण्याचं काम पडत नाही.

एक सांगतो, रागावू नका. इथे बसून आम्ही तुमच्या घराला हात लावलेला नाही. खांब उभे करायच्या आधी रत्नागिरीहून एखादा स्ट्रक्चरल इंजिनियर दाखवायला आणा. भिंतीचा चिरा आणि खालचं जोतं आम्हाला दिसत नाही. माझा सगळा हिशोब "भिंत ठीक आहे" असं धरून चाललाय.

रानमेवा (पाच आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ७:३३)

धागा वर काढतोय.

इंजिनियर येऊन गेले. भिंत ठीक आहे, न्हाणीघराकडचा गिलावा मात्र पूर्ण काढायला लावला, आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडत होतं त्याची पन्हळ बदलायला लावली. तुमचे हिशोब दाखवले. त्यांनी वाचले, शिअरच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि "हे कोण?" विचारलं. सांगलीचे आजोबा म्हटलं.

ऐनाचे चार खांब, ४ इंची, काळ्या दगडावर. वर पाटई. चौथी तुळई जॅकने ५ मिमी उचलली, तेव्हा माळा असा करकरला की आई अंगणात पळाली.

काल बारापैकी नऊ कपाटं लागली, भिंतींना पाठ करून, खाली पट्ट्या टाकून. तीन खालीच ठेवलीत. बाबांनी मधोमध खुर्ची मागितली, ती दिली. झोपाळा मागितला, तो दिला नाही.

दोरा काढू नका म्हणाले बाबा. तो अजून चौथ्या तुळईखाली बांधलेला आहे, मधे पोस्टाच्या कार्डाचा तुकडा, त्यावर मिमीच्या खुणा. रोज सकाळी चहाचा कप घेऊन आधी तिथे जातात. आज ३ होतं.